नगरकर मिस्त्रींचा मुल्की दाखला

३ जानेवारी १९३५, जालना

बद्रीनाथच्या बी.एस्सी.च्या कागदाला खरं काय लागलं, ते एकदा लिहून ठेवतो. सहा वर्षं. सगुणाबाईच्या हातातले गोठ. एक दुभती म्हैस. माझा तंबाखू, तोही सहा वर्षं; त्यातले पहिले चार महिने मी घरात कोणाशी धड बोललो नाही. त्याला हैदराबादेत मुदतीचा ताप आला तेव्हा उशाशी बसलेले एकवीस दिवस. तेवढ्यात स्टेशनाजवळच्या कापसाच्या जिनचं काम दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलं, ते आजवर परत आलेलं नाही. आणि घरातली थोडी मराठी, कारण पोरगा आता झोपेत उर्दू बोलतो. एवढं सगळं घातल्यावर एक कागद आला. तो उजवीकडून डावीकडं लिहिलेला आहे आणि मला वाचता येत नाही. फ्रेम मात्र मी स्वतः केली, बाभळीची.

ही वही इंजिनाची आहे. जिनवाल्यांनी छापून घेतल्या होत्या, उरल्या त्या मला दिल्या. पानोपान तीन रकाने आहेत: तेल, वाफ, आवाज. तेल आणि वाफ सोडून देतो. आवाज तेवढा लिहीत जाईन, कारण तोच मला समजतो.

बद्रीनाथनं आज एक जाहिरात वाचून दाखवली. जामियात जागा निघाल्यात. जामिया म्हणजे हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, तिकडं सगळे जामियाच म्हणतात. लेक्चरर एक. तबीयातच्या, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर एक. ग्रंथालयात मदतनीस. काचेच्या नळ्या फुंकणारा एक. वर्कशॉपला मिस्त्री एक. फर्राश दोन, भिश्ती एक, आणि झाडांची नावं माहीत असलेला माळी एक. मी लग्नाची यादी ऐकावी तशी ऐकली. केवढीही विद्या असो, टेबल पुसायला आणि पाणी भरायला माणूस लागतोच, हे ऐकून मला बरं वाटलं.

मी विचारलं, "ह्या वर्कशॉपच्या मिस्त्रीला काय काम?"

"तुम्ही करता तेच, दादा. फक्त यंत्रं लहान."

"मंग ते राहू दे. तू डेमॉन्स्ट्रेटर."

तो हसला. त्याच्या आईसारखा हसतो, आवाज न करता. असं हसणं मला ओळखू येत नाही.

८ जानेवारी

अर्ज गेला. खाली सही: बद्रीनाथ काकासाहेब नगरकर. उर्दूत कशी दिसते ते मी बोट फिरवून पाहिलं. नगरकर आडनावाला बराच वळसा आहे.

माझे कान चांगले आहेत हे जालन्यात सगळे मानतात. इंजिन कुठं दुखतं हे मी दारातून सांगतो. माणसाचंही तसंच. दोन वाक्यं बोलू द्या, मी त्याचं गाव सांगतो. घनसावंगीचा माणूस शब्दाच्या शेवटी जरा टेकतो. भोकरदनचा वाक्य उचलून धरतो. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लोक पैज लावून मला माणसं ऐकवतात आणि मी हरत नाही. पण एकोणतीस वर्षांत माझं गाव कोणी ओळखलं नाही. मी नगरचा, वडील तिथल्या फौजेच्या छावणीत हेड मिस्त्री, हे मी १९०६ साली जिनच्या मॅनेजरला सांगितलं, कारण तो म्हणाला होता की खेड्यातल्या माणसाला तो इंजिनाजवळ फिरकू देत नाही. त्या दिवसापासून मी नगरची शुद्ध भाषा बोलून राह्यलोय. कुणाला म्हणून पत्ता नाही. सगुणाबाईलाही नाही, आणि ती तर शेजारी झोपते.

२३ जानेवारी

कालच्या गाडीनं हैदराबादहून परत आलो. बद्रीनाथला मुलाखतीला बोलावलं होतं. तो म्हणाला, दादा, तुम्ही कशाला येता. मी म्हणालो, आवाज ऐकायला.

गावाबाहेर जामियाच्या नव्या इमारती उभ्या राहून राह्यल्यात. शेकडो पाथरवट दगड घडवतात. एवढ्या छिन्न्या एका वेळी मी कधी ऐकल्या नव्हत्या. मुलाखत मात्र जुन्या बंगल्यात होती. बद्रीनाथ आत गेला, मी बाहेर बाकावर. शेजारच्या खोलीत एक पंप चालला होता, हवा ओढून घेणारा. त्याचा वायसर वाळलेला होता. मी तिथल्या मिस्त्रीला सांगितलं. त्यानं उघडून पाहिलं आणि मला खुर्ची आणून दिली.

मंग एक म्हातारे अहलकार माझ्याजवळ आले, लिहिणं-वाचणं त्यांच्याकडं होतं. फार अदबीचा माणूस. म्हणाले, उमेदवार आपले चिरंजीव का. मी म्हणालो, हौ. मूळचे कुठले आपण? एवढ्या मोठ्या ठिकाणी कमी कशाला सांगायचं. म्हणालो, "आम्ही इंग्रजी मुलखातले, साहेब. अहमदनगर. वडील फौजेत हेड मिस्त्री होते, गोऱ्या साहेबाचं त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं." त्यांनी भुवया वर केल्या आणि लगेच बद्रीनाथच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

माझ्या बोलण्याचं वजन पडलं, हे मला तिथंच कळलं.

३१ जानेवारी

पत्र आलं. बद्रीनाथनं उभ्यानं वाचलं, मंग बसून वाचलं.

त्याची निवड झाली आहे. डेमॉन्स्ट्रेटर. सगुणाबाईनं देवाजवळ साखर ठेवली. पण पत्राला शेपूट आहे. उमेदवाराच्या वडिलांनी स्वतः सांगितलं की घराणं इंग्रजी हद्दीतलं आहे. जागा मुल्कीसाठी आहे, म्हणजे निजामाच्या राज्यात ज्यांची मुळं आहेत त्यांच्यासाठी. तरी वडिलांच्या मूळ गावासकट मुल्की दाखला ५ मार्चच्या आत हजर करावा. नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्याला.

बद्रीनाथनं पत्राची घडी घातली, तीही पहिल्या घडीवरच.

मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसलो. एका ग्राहकाचं घड्याळ दुरुस्त करायला घेतलं आणि बिघडवून ठेवलं.

२ फेब्रुवारी

तहसीलीत गेलो. तिथं कमरोद्दीन साहेब आहेत, मुल्कीच्या मिसली, म्हणजे फायली, तेच चालवतात. जुनी ओळख. त्यांच्या घरच्या शिवणयंत्राला मी दर दिवाळीला तेल घालतो, ते म्हणतात ईदला.

"बैठो मिस्त्री. चाय?"

मी सगळं सांगितलं, म्हणजे पत्रातलं.

ते म्हणाले, "तो आप नगर के."

"हौ."

"पक्के नगर के?"

बाहेर पंखा ओढणारा माणूस दोरी ओढत होता. कप्पीला तेल नव्हतं.

"देखो मिस्त्री," ते म्हणाले, आणि मंग माझ्यासाठी मराठीवर आले. "नगरवाल्याच्या मुलाला मी दाखला देऊ शकत नाही. कायदाच तसा आहे. आता समजा, फक्त समजा, माणूस नगरचा नसला. समजा तो इथल्याच कुठल्या गावचा निघाला. मंग त्यानं गावच्या पाटलाचा कागद आणावा, आणि रक्ताचं कुणी माणूस आणावं, जे म्हणेल की हा आमचा. इकडची चौकशी मी करतो. तिकडचं त्यानं आणावं. बस."

"आणि असं माणूस कुणी नसलं तर?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "असतं," म्हणाले. "सबका कोई ना कोई रहता."

५ फेब्रुवारी

लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.

माझं नाव कडूबा. गाव खापरखेडा, जाफराबादहून तीन कोस, पूर्णेच्या अंगाला. बाप रखमाजी. पाटलाच्या मळ्यात मोट हाकायचा. छावणी त्यानं कधी पाहिली नाही, गोरा साहेबही नाही. आई माझ्या पाठच्या बाळंतपणात गेली. मला दुर्गाबाईनं वाढवलं, माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणायचो. तिचं लग्न गावातच झालं, नवरा लवकर गेला.

मी जालन्याला आलो आणि नगरकर झालो. पहिली दोन वर्षं कापसाच्या गाडीवाल्यांबरोबर तिला निरोप धाडत होतो. मंग मॅनेजर मला घरी जेवायला बोलवायला लागला आणि मी निरोप धाडायचं सोडलं.

१९१२ साली बद्रीनाथ झाला. बारशाच्या आदल्या दिवशी आक्का आली. गाडीवाल्यांकडून तिला कळलं असणार. भाच्याचं नाव आत्यानं ठेवायचं असतं, म्हणून ती कापसाच्या गाडीत बसून आली आणि जिनच्या फाटकाशी उभी राहिली. तिनं हाक मारली, "कडूबा." तीन वेळा मारली. मी आत इंजिनाजवळ होतो, मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून एका मुंबईच्या व्यापाऱ्याला सांगत होता की हा आमचा नगरचा मिस्त्री. इंजिन चालू होतं, बारा जिन चालू होते. दुसऱ्या कुणाला ती हाक ऐकू आली नसती.

मी इंजिनाच्या आवाजात उभा राहिलो. थोड्या वेळानं पाहिलं तर फाटकाशी कोणी नव्हतं. बारशाला आत्या म्हणून शेजारणीला उभं केलं. सगुणाबाई बाळंतीण होती, तिला मी सांगितलं होतं की मला कोणी नाही.

त्याच्यानंतर मी कशाला जाणार.

७ फेब्रुवारी

बद्रीनाथ आज दुकानात आला, बाह्या वर करून. म्हणाला, "दादा, तुमच्या हाताखाली लागतो. मला लेथ येतो, तिकडं शिकलोय."

"जामिया?"

"जामियाशिवाय लोक मरत नाहीत."

एक रोलर त्यानं चांगला लावला. हात खरंच चांगला आहे. मी त्याला शाबासकी दिली नाही, कारण दिली असती तर तो उद्याही आला असता.

दुपारी तो हात पुसत म्हणाला, "मला सांगायचं नसेल तर नका सांगू. पण माझ्यामुळं तुम्हाला कुठं जावं लागत असेल, तर माझ्यामुळं जाऊ नका."

ह्याचा अर्थ मी सबंध संध्याकाळ लावतोय. शिकलेली पोरं अशी बोलतात.

१० फेब्रुवारी

सगुणाबाईला म्हणालो, कामानं जाफराबादच्या अंगाला जातोय, दोन-तीन दिवस. एक तेलघाणा लावायचाय.

तिनं भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधली. वर एक लुगडं ठेवलं, नवं, हिरवं, बारीक लाल काठाचं.

"हे कोणाला?"

"असू द्या. लागंल."

मला वाटतं तेलघाण्याच्या मालकिणीसाठी असेल. बायकोला धंद्यातलं कळतं हे मी नेहमीच म्हणत आलोय. कोणाच्या घरी काम करायला जायचं तर मालकीण खूश असलेली बरी.

निघताना म्हणाली, "जाऊन या. आन सावकाश या."

१२ फेब्रुवारी, खापरखेडा

भोकरदनपर्यंत मोटार मिळाली. पुढं रिकामी परतणारी कापसाची गाडी. गाडीवाल्याचं नाव धर्मराज, जाफराबादच्या पलीकडचा. मला म्हणाला, "मिस्त्री, दुर्गाआत्याकडं चालले का?" मी नाव सांगितलं नव्हतं. खापरखेड्याला जाणाऱ्याला असं विचारायची पद्धत असेल, तिचं घर वाटेवरच लागतं.

गाव लहान झालंय. विहीर तिथंच आहे.

आक्का खळ्यावर हरभरा बडवत होती. केस पांढरे, पाठ ताठ. मी लांब उभा राहिलो. तिच्या काठीचा आवाज ऐकला. दर चौथा ठोका जरा हलका पडतो. डावा खांदा दुखतो तिचा.

"कोन हाय?" ती मागं न पाहता म्हणाली.

"मी. कडूबा."

नाव तोंडातून निघालं. फार जड नव्हतं.

तिनं बडवणं थांबवलं नाही. "सावलीत बस. येवढा ढीग होऊ दे."

मी कोट काढला, दुसरी काठी घेतली आणि तिच्यासमोर उभा राहिलो. दोघांनी आळीपाळीनं बडवायला सुरुवात केली. पहिल्यांदा माझी काठी तिच्या काठीवर आदळली. तिनं मला "हळू" म्हटलं. मंग जमलं. ढीग संपेस्तोवर हाताला फोड आला. मी हाताच्या कामावर जगणारा माणूस, मला फोड येईल असं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं गूळ-पाणी दिलं.

"पोरगं दूध प्येतं का आता? आधी लय नाक मुरडायचं."

"प्येतो," मी म्हणालो. "तुला कसं ठावं?"

"मानसं सांगतेत."

गाडीवाले बायकांसारख्या बातम्या नेतात, हे मला माहीत होतं. एवढ्या बारीक नेत असतील असं वाटलं नव्हतं.

मंग ती चुलीकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, "त्या दिशी तू आयकलं न्हाई. मशिनीचा गलका लय होता."

तिनं मला रस्ता करून दिला होता. मी त्याच्यावरून चालत जाऊ शकलो असतो.

"आयकलं होतं, आक्का."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुला ल्हानपनापून मुंगी चालली तरी आयकू येती."

भाकरी भाजली गेली. दुसरी टाकली.

"मंग आता कामून आला? तेवीस वर्सांनी हरबरा बडवाय तर न्हाई आला."

मी सांगितलं. जामिया, जागा, दाखला, रक्ताचं माणूस. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो मला आवडत नव्हता. कामापुरता आलेल्या माणसाचा आवाज होता तो. मी तसंच म्हणालो, "मी कामासाठीच आलोय, आक्का. खोटं कशाला बोलू. काम नसतं तर आलो नसतो. यायचं धैर्य नव्हतं."

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली.

"म्हंजे तू हितलाच हाय, असं आता सरकारला सांगायचं. मी फाटकावर उभी राहून सांगत व्हते, तव्हा कोनाला पायजे नव्हतं."

"आता पायजे."

"सांगीन. पन अंगठा द्याया जालन्याला यीन ते पोराच्या घरी उतरीन. फाटकावर न्हाई."

मी हो म्हणालो. मान खालीच होती.

लुगड्याची आठवण झाली. तेलघाण्याच्या मालकिणीचं म्हणून आणलेलं, पण तेलघाणाच नव्हता, म्हणून तिला दिलं. तिनं घडी उलटीसुलटी करून पाहिली, काठ चाचपला. म्हणाली, "ह्या बारीला हिरवं धाडलं व्हय." आणलं म्हणायचं असेल तिला. दांडीवर तिचं दुसरं लुगडं वाळत होतं, जांभळं, त्यालाही तसाच बारीक लाल काठ. जालन्याच्या बाजारातला हा काठ बराच लांबवर खपतो असं दिसतं.

१४ फेब्रुवारी

पाटील म्हणजे मी पाहिलेल्या पाटलाचा मुलगा. कागद लगेच लिहून दिला. मी म्हणालो, लिहा, बाप मोट हाकायचा. तो म्हणाला, "मोट कशाला, मळ्यावर कामाला होता लिहितो." मी म्हणालो, "मोटच लिहा."

आक्का पारावरून ऐकत होती. म्हणाली, "आन लिव्हा, गानं म्हनायचा. मोटंवर त्याच्यावानी गानं पंचक्रोशीत कोन म्हनत न्हवतं." पाटलानं लिहिलं नाही, पण मी इथं लिहून ठेवतो.

वाटेनं तिला विचारलं, बारशाला काय नाव आणलं होतंस. ती म्हणाली, "रखमाजी. बापाचं." थोडं चालून म्हणाली, "बद्रीनाथ बी बरं हाय."

१६ फेब्रुवारी, जालना

आक्का घरी आली. सगुणाबाईला काय सांगायचं ह्याची चार वाक्यं मी गाडीत तयार केली होती.

सगुणाबाई दारात आली. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "या वन्स. उशीर केला."

"ह्यानं केला," आक्का म्हणाली. "गुडघ्याला ते तेल लावलं का?"

"लावलं. रातची झोप येती आता."

दोघी आत गेल्या. मी माझ्या चार वाक्यांसकट अंगणात. सगुणाबाईच्या गुडघ्याचं आक्काला कसं कळलं कोण जाणे. बायकांना बायकांच्या चालीवरून समजतं. आणि सगुणाबाई मोठ्या मनाची आहे, म्हणून मला एक शब्दही विचारला नाही. तिचं मन किती मोठं आहे हे मला आजवर कळलं नव्हतं.

बद्रीनाथ बाहेर आला, आत्याच्या पाया पडला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कान, नाक, हनुवटी. म्हणाली, "कान बापाचे हायेत."

"ऐकू कमी येतं मला, आत्या."

"ते बरं."

मला ह्यात हसण्यासारखं काय होतं ते समजलं नाही. तिघंही हसत होती.

१८ फेब्रुवारी

आक्काचा अंगठा झाला. कमरोद्दीन साहेबांनी तिला खुर्ची दिली, ती खालीच बसली. त्यांनी विचारलं, हा तुमचा कोण. ती म्हणाली, "धाकला भाऊ. मीच वाढवलाय. काय बिघडलं असंल तर मला सांगा."

साहेब म्हणाले, "नक्को माँ, अब सब बराबर है."

बाहेर मी त्यांना म्हणालो, आता जालन्यात बोभाटा होईल. लोक म्हणतील नगरकर मिस्त्री एकोणतीस वर्षं थापा मारत होता. उद्या मोंढ्यात तोंड कसं दाखवू. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हिंमत करो मिस्त्री. हो जाएगा."

२० फेब्रुवारी

मोंढ्यात गेलो. मन घट्ट करून गेलो. आडत्या कारभारीशेठजवळ सरळ म्हणालो, "शेठ, मी नगरचा न्हाई. खापरखेड्याचा."

ते हिशेब लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं. इंजिनाचं कधी बघता?"

मी पुन्हा सांगितलं, त्यांनी ऐकलं नसेल म्हणून.

"आयकलं हो," ते म्हणाले. "इंजिन खोकून राह्यलंय."

धंद्यातली माणसं. दुसऱ्याचं दुःख मनावर घेत नाहीत.

२६ फेब्रुवारी

दाखला आला. मोठा शिक्का आहे. बद्रीनाथ वल्द काकासाहेब उर्फ कडूबा वल्द रखमाजी, मौजे खापरखेडा, मुल्की. बद्रीनाथ उद्याच्या गाडीनं निघतो, १ मार्चला रुजू. आडनाव नगरकरच राहणार, कारण त्याच्या बी.एस्सी.च्या कागदावर तेच आहे. आक्का म्हणाली, राहू दे, नगरला कोन जातंय बघाया. ती इथंच राहणार आहे शिमग्यापर्यंत. नंतरचं नंतर.

सगुणाबाई त्याची पेटी भरून राह्यलीय. लाडू, सुपारी, दोन पंचे, आणि मी दिलेला लहान पाना, कारण डेमॉन्स्ट्रेटर झाला तरी पंप वाळणारच. त्यानं पाना वरच ठेवला, लाडवांच्याही वर.

दाखल्याबरोबर कमरोद्दीन साहेबांनी सगळ्या मिसलीची नकल पाठवली आहे, जामियाला दाखवायला लागली तर म्हणून. उर्दूत, सात पानं. मी बद्रीनाथला म्हणालो, वाच.

त्यानं ओसरीवर बसून वाचली, मराठी करत करत. आक्का आणि सगुणाबाई उंबऱ्यात.

पहिली जबानी जिनचा जुना फाटकवाला रामराव याची: सदर इसमास पहिल्या दिवसापासून ओळखतो. सन १९१२ मध्ये त्याची बहीण फाटकावर आली होती, ती त्या रात्री आमच्या घरी राहिली, सकाळी मिस्त्रीची बाळंतीण बायको मागच्या दारानं येऊन तिला भेटली व मूल तिच्या मांडीवर दिलं. दुसरी गाडीवाल्या धर्मराजची: दर साली दिवाळीला मिस्त्रीच्या घरून लुगड्याचं गाठोडं खापरखेड्याला पोचवतो. तिसरी कारभारीशेठची: सदर इसम स्वतःस नगरचा म्हणवतो, परंतु बोली जाफराबादची आहे, हे मोंढ्यात सर्वांस ठाऊक असून त्याचा मान राखून कोणी बोलत नाही.

मी सगुणाबाईकडं पाहिलं. ती सुपारी कातरत होती. अडकित्त्याचा आवाज एकसारखा होता, जराही चुकला नाही.

बद्रीनाथचा आवाजही वाचताना कुठं अडखळला नाही. पहिल्यांदाच वाचणारा माणूस अडखळतो.

"पुढं?" मी म्हणालो.

पुढं आणखी चार जण आहेत. एक न्हावी, एक मशिदीजवळचा शिंपी, बारशाला उभी केलेली शेजारीण, आणि जिनचा तेव्हाचा मॅनेजर, जो आता थकलाय आणि सतरंजीवर पडून असतो. जबान्यांवर तारीख ४ फेब्रुवारी आहे. मी गावाला निघालो १० ला.

एकंदर सात जबान्या. सातही जणांनी गाव खापरखेडा सांगितलं आहे.